उस्तादांचा रंग

"सूर ऐकलासा. हात फिरवून बघितलासा. आता बघायचं काय राहिलंय, उस्ताद?"

"रंग."

"रंग तुमचाच हाय की."

"असंल. पण मी बघितल्याशिवाय पट्टी लागायची न्हाई."

श्रीपालनं तोंड फिरवलं. उस्तादांना ते दिसलं नाही. अलीकडं त्यांना श्रीपालचं तोंडच धड दिसत नव्हतं, मग फिरवलेलं काय आणि न फिरवलेलं काय.

मिरजेची गोष्ट. दस्तगीर उस्ताद तंबोरे घडवायचे आणि श्रीपाल चौगुले एकोणीस वर्षं त्यांच्या हाताखाली होता. त्या कारखान्यात एक रीत होती. तंबोऱ्याच्या दांडीमागं घडवणाऱ्याच्या नावाची छोटी पितळी पट्टी बसायची. शिष्यानं कितीही तंबोरे घडवले तरी पट्टी उस्तादांच्याच नावाची. स्वतःच्या नावाची लावायची असेल तर एक जोडी एकट्यानं करायची, उस्तादांपुढं ठेवायची आणि ते 'लाव' म्हणेपर्यंत गप्प बसायचं.

श्रीपालनं जोडी केली होती. चांगली केली होती. गप्प बसणं तेवढं त्याला जमत नव्हतं.

"ऑपरेशन झालं की बघीन," उस्ताद म्हणाले.

त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डावा तर पार पिकला होता. पाच-सहा वर्षं ते 'धूळ गेली असंल' म्हणत डोळे चोळत राहिले. धूळ बिचारी फुकट बदनाम झाली.

"तुम्हाला ऑपरेशन कशाला पाहिजे?" श्रीपाल म्हणाला. "तुम्ही डोळं मिटून जवारी लावतासा. तारंखाली दोरा सरकवला की तंबोरा बोलाय लागतो. लोक लांबनं बघाय येत्यात. आमच्या उस्तादांना डोळं लागतच न्हाईत, असं मी सगळ्यांस्नी सांगतो."

"काल चहात माशी हुती."

"मग?"

"प्यालो."

श्रीपाल हळूच म्हणाला, "ह्या वयात... कायतरी चुकलं म्हंजे?"

"तर एक डोळा जाईल. आता तरी कुठं हाय?"

डॉक्टर कित्तूर बाईंनी डोळा तपासला आणि विचारलं, "चाचा, खोकला आहे का?"

उस्तादांनी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि खोकल्याची उबळ आली ती थांबेचना. पन्नास वर्षं भोपळे कोरले होते. तो सगळा भुसा छातीत घर करून बसला होता.

बाई उबळ थांबेपर्यंत थांबल्या.

"पंधरा-वीस मिनिटं उताणं झोपायचं आहे. तोंडावर कापड असेल. मी डोळा बधिर करीन, पण तुम्ही जागे असाल. पूर्ण भूल तुमच्या छातीला झेपणार नाही. आणि तुम्ही मध्येच असे खोकलात, तर त्या वेळी माझं हत्यार तुमच्या डोळ्यात असेल."

श्रीपाल खुर्चीतून अर्धा उठला. "उस्ताद, चला घरी."

"बस," उस्ताद म्हणाले. मग बाईंना, "औषध हाय?"

"देते. महिनाभर भुशात जायचं नाही. खोकला कमी होईल. जाईल असं मी सांगत नाही."

"राहिलेला मी बघतो."

दुसऱ्या दिवसापासून दुपारी जेवणं झाली की उस्ताद सोप्यात चटई टाकून उताणे पडायचे. तोंडावर टॉवेल घ्यायचे. श्रीपालनं घड्याळ घेऊन शेजारी बसायचं.

पहिल्या दिवशी खोकला आला तेव्हा उस्तादांनी टॉवेलखालून विचारलं, "किती झालं?"

"चार मिनिटं."

"उद्या पाच."

श्रीपालला हा सगळा पोरखेळ वाटत होता. आत कारखान्यात काम पडलेलं, गिऱ्हाईक खोळंबलेलं, आणि आपण इथं एका म्हाताऱ्या माणसाचा खोकला मोजतोय. त्यानं तसं एकदा बोलूनही दाखवलं.

"उस्ताद, डॉक्टरीणबाई म्हणाल्या न्हाईत का, खोकला आला तर आधी सांगा, मी थांबीन म्हणून?"

"म्हणाल्या."

"मग?"

"त्यांनी थांबायचं ते त्यांचं काम. माझं काम मी करतोय."

आठव्या दिवशी सात मिनिटं झाली. दहाव्या दिवशी पुन्हा चारच. त्या दिवशी उस्ताद टॉवेल काढून बराच वेळ आढ्याकडं बघत पडले. श्रीपालला वाटलं, आता सोडतील नाद. सोडला तर बरंच, असंही त्याला वाटलं आणि त्याची त्याला लाज वाटली.

"अजून एकदा लाव घड्याळ," उस्ताद म्हणाले.

महिना संपता संपता ते वीस मिनिटं पडून राहू लागले. खोकला यायचा. छाती एकदा वर व्हायची, गळ्याची शीर ताठ व्हायची... आणि मग सगळं खाली बसायचं. श्रीपाल घड्याळाकडं बघायचं विसरून त्या शिरेकडं बघत राहायचा.

ऑपरेशनच्या सकाळी डाव्या भुवईवर खूण म्हणून चिकटपट्टी लावली. थोड्या थोड्या वेळानं परिचारिका थेंब घालत होती. थेंब झोंबत होते आणि उस्ताद बारीक आवाजात षड्ज धरून बसले होते.

हिरवा अंगरखा घालून ते आत निघाले तेव्हा श्रीपालनं त्यांचा हात धरला. हात गार होता.

"भ्या वाटतंय, उस्ताद?"

"वाटतंय की," उस्ताद म्हणाले आणि आत गेले.

अर्ध्या तासानं त्यांना बाहेर आणलं. डाव्या डोळ्यावर पट्टी होती आणि ते पोटभर खोकत होते. श्रीपाल धावत पुढं गेला. पण मागून आलेल्या बाई हसत होत्या.

संध्याकाळी पेज पिताना श्रीपालनं विचारलं, "आत काय दिसलं?"

"आधी उजेड. त्या उजेडाच्या मागं अजून दोन उजेड. मग पाणी... लहानपणी कृष्णेत बुडी मारून वर बघायचो, तसं."

"दुखलं?"

"सुई टोचताना. मग डोळा माझा राहिलाच न्हाई. बाईंना भाड्यानं दिल्यागत झाला. मी आपला सूर धरून पडलो हुतो, तर बाई म्हणाल्या, चाचा, गुणगुणू नका, डोळा थरथरतो."

"मग?"

"बंद केला. नुसता मनात धरला."

"आणि खोकला?"

"आला."

"आं?"

"आला की. ऐन मध्यात आला. सांगावं असं वाटलं. बाईंना थांबवलं असतं. पण रोज दुपारी हितनंच तर परत जायचा. म्हटलं, आजही जा."

"गेला?"

"जाता जाता लई त्रास दिला त्यानं. पण गेला. बाहेर आल्यावर त्याला मोकळा सोडला."

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी निघाली.

उस्तादांनी डोळा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. पाणी आलं. ते पुसू नका, असं बाई म्हणाल्या.

"काय दिसतंय, चाचा?"

"तुमचा कोट. धुतलाय का नवा हाय?"

"रोजचाच आहे."

"असा पांढरा असतोय व्हय..." त्यांनी स्वतःचे हात डोळ्यांसमोर धरले. ते बराच वेळ बघितले, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. मग श्रीपालकडं वळले आणि बघतच राहिले.

"काय झालं, उस्ताद?"

"तुझं केस पिकलं की रे. मला कुणी सांगितलं न्हाई."

श्रीपालच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यानं ते कोपरानं पुसलं. त्याला पुसायची बंदी नव्हती.

घरी आल्यावर काळा चष्मा, दिवसातून सहा वेळा थेंब, डोक्यावरून पाणी नाही, वाकायचं नाही. नमाजही खुर्चीवर बसून. भुशात आणि पॉलिशच्या वासात पाऊल टाकायचं नाही. उस्तादांनी एकूण एक पाळलं. आजारी माणूस एवढा आज्ञाधारक असला की घरच्यांना संशय येतो.

आठव्या दिवशी सकाळी दहाला त्यांनी हाक मारली. "श्रीपाल, जोडी आण. सोप्यात, उजेडात."

श्रीपालनं दोन्ही तंबोरे आणून भिंतीला टेकवले. नवीन धोतर नेसून आला होता. खिशात पितळी पट्टी होती, तिच्यावर त्याचं नाव कोरून झालं होतं. एवढी त्याची खात्री होती.

उस्तादांनी काळा चष्मा काढला.

बघितलं.

...

"हा कुणाचा रंग?"

"तुमचाच, उस्ताद. उस्तादी लाल. सगळे त्याच नावानं मागत्यात."

उस्तादांनी तळहातानं डावा डोळा झाकला. ऑपरेशन झालेला. उजव्यानं, मोतीबिंदूच्या डोळ्यानं, बघितलं.

"व्हय. हा माझा."

मग उजवा झाकला आणि डाव्यानं बघितलं.

"हा न्हाई."

पुन्हा डावा झाकला. पुन्हा उजवा. श्रीपाल त्या हाताकडं बघत उभा होता. हात चौथ्यांदा फिरला तेव्हा त्यानं खिशातली पट्टी मुठीत धरली.

"हिरमिजी किती टाकतोस?" हिरमिजी म्हणजे लाकडाला लाली आणणारी पूड. ती लाखेच्या पॉलिशमध्ये जायची.

"पाच चिमटी."

"मी किती शिकवल्या हुत्या?"

"आधी दोन. मग तीन. मग... तुम्हीच पाचावर आलासा."

"मला लाकूड मळकट दिसायचं. कितीबी घासलं तरी मळकट. म्हणून मी लाल वाढवत गेलो." उस्ताद थांबले. "तुला काय दिसत हुतं?"

श्रीपालनं बाहीनं तंबोऱ्यावरची नसलेली धूळ पुसली.

"तुझं डोळं चांगलं हायत ना?"

"हायत."

"मग काय दिसत हुतं?"

"लाल," श्रीपाल म्हणाला. "लई लाल. पहिल्यांदा बघितलं तवा वाटलं, जत्रेतलं खेळणं हाय का काय."

"बोलला न्हाईस?"

"वाटलं, तुम्हाला कायतरी दिसत असंल. आम्हाला न दिसणारं. दीड वर्ष लागलं, उस्ताद, तो रंग हातात यायला. दुसऱ्या कुणालाच जमला न्हाई. मला एकट्याला जमला."

उस्तादांना हसू येत होतं की रडू, ते सांगणं कठीण होतं.

"पाच चिमटीचे किती तंबोरे भाईर गेले?"

"अठ्ठावीस."

"सगळ्यांना फोन लाव. म्हणावं, दस्तगीरला दिसत न्हवतं. तंबोरा आणा, रंग परत करून देतो."

"उस्ताद, लोक हसतील."

"हसतील."

"आजवर डोळं मिटून काम करतात म्हणून नाव हाय तुमचं..."

"फोन लाव."

श्रीपालनं फोन लावले. प्रत्येक फोनला त्याच्या कानाच्या पाळ्या तापत होत्या. धारवाडच्या एका गायिकाबाईंनी तर साफ सांगितलं, मला हाच रंग हवाय, तोच तर तुमच्या उस्तादांची ओळख आहे. श्रीपालनं फोनवर हात ठेवून उस्तादांकडं बघितलं.

"त्यांना म्हणावं, तुमच्या तंबोऱ्यावरची माझी पट्टी तेवढी काढून पाठवा."

चार दिवसांनी पट्टीच्या जागी अख्खा तंबोराच रंग बदलायला आला.

श्रीपालनं मात्र आधी स्वतःची जोडी घेतली. पॉलिश पेपर घेतला आणि खरवडायला बसला. वरचा थर गेला, मग आतला. लाल पाणी बोटांवरून मनगटापर्यंत ओघळायचं. त्याच्या मनात राग होता. आधी उस्तादांवर होता, दोन दिवसांनी मोतीबिंदूवर गेला, आणि मग फिरून जिथं यायचा तिथं, स्वतःवरच आला. पाचव्या दिवशी लाकूड उघडं पडलं.

त्यानं दारात येऊन विचारलं, "उस्ताद, जुना रंग कसा हुता?"

"विसरलो."

"कुणाकडं तुमचा जुना तंबोरा असंल तर जाऊन बघतो."

"जायचं न्हाई."

"मग कशावरनं करू?"

"लाकूड हाय नव्हं समोर?"

श्रीपालनं लाकडाच्या ढलप्या घेतल्या. एकीवर अर्धी चिमूट, एकीवर एक, एकीवर दीड. पिवडीची पिवळी पूड घालून, न घालता. ढलप्या उन्हात ठेवून बघितल्या, सावलीत बघितल्या, दिव्याखाली बघितल्या. रोज दोन-तीन घेऊन तो सोप्यात यायचा.

"ही बघा, उस्ताद."

"न्हाई बघत."

"नुसती एकदा..."

"तू बघ."

काळा चष्मा घातलेला माणूस कुठं बघतोय हे कळत नाही. श्रीपालला तो चष्मा काढून फेकून द्यावा असं वाटायचं. एकोणीस वर्षांत त्यानं उस्तादांना विचारल्याशिवाय खुंटीसुद्धा फिरवली नव्हती. आता विचारायला गेलं की समोर दोन काळ्या काचा. एकदा तो ढलप्या तिथंच टाकून घरी निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आला, त्या गोळा केल्या आणि पुन्हा कामाला बसला.

अकराव्या दिवशी तो ढलपी घेऊन आला नाही.

त्यानं कापसाचा बोळा मलमलमध्ये बांधला आणि जोडीवर पहिला हात दिला. मग दुसरा. असे बावीस हात. मध्ये त्यानं कुणाला काही विचारलं नाही, जेवायलाही दोनदा हाक मारावी लागली.

पॉलिश वाळून वास गेल्यावर त्यानं जोडी सोप्यात आणून ठेवली. आज अंगावर कामाचाच सदरा होता. बोटं अजून लालसर होती.

"झालं, उस्ताद."

उस्तादांनी चष्मा काढला. खुर्ची पुढं ओढली. एक तंबोरा बघितला, मग दुसरा. भोपळ्यापाशी बघितला, दांडीपाशी बघितला. या वेळी त्यांनी कुठला डोळा झाकला नाही.

...

"चांगला हाय," ते म्हणाले. "लाल अजून अर्धी चिमूट कमी कर."

श्रीपालनं मान हलवली. सवयच होती ती. पॉलिश पेपर आणायला तो आत वळलाही.

दारापाशी थांबला.

परत आला. तंबोऱ्यासमोर उकिडवा बसला आणि बघू लागला. मग उठून त्यानं तंबोरा उन्हात नेला. परत सावलीत आणला. उस्ताद वाट बघत होते. आत कारखान्यात कुणीतरी खुंटी पिळत होतं, तिचा करकर आवाज येत होता.

"न्हाई, उस्ताद."

"काय न्हाई?"

"कमी न्हाई करणार. अजून कमी केला तर लाकूड आजारी दिसंल. हा एवढाच पाहिजे."

उस्तादांच्या कपाळाला आठी पडली. "मी सांगतोय."

"ऐकलं."

"माझा डोळा नवा हाय. बाई म्हणाल्या, विशीतल्या पोरासारखं दिसंल."

"म्हणाल्या असतील." श्रीपालनं या वेळी तोंड फिरवलं नाही. ते उस्तादांना आता स्वच्छ दिसत होतं आणि दिसतंय हे श्रीपालला माहीत होतं. तरी तो हलला नाही. "मला हा बरोबर दिसतोय. पट्टी न्हाई लागली तर न लागू दे. रंग हाच राहील."

...

उस्तादांनी हात पुढं केला.

"आण."

"काय?"

"पट्टी. खिशात घेऊन फिरतोस महिनाभर, ती."

श्रीपालनं पट्टी काढून दिली. उस्तादांनी ती डोळ्याजवळ नेऊन नाव वाचलं, सगळं अक्षर न अक्षर, सावकाश. मग तंबोरा मांडीवर आडवा घेतला, दांडीमागं पट्टी धरली आणि म्हणाले, "खिळा दे."

दोन बारीक पितळी खिळे. उस्तादांनी स्वतः ठोकले.

श्रीपाल खाली बसला. पाया पडायला वाकला तेव्हा उस्तादांचा हात त्याच्या पिकलेल्या केसांवर आला.

मग श्रीपालच्यानं राहवेना.

"उस्ताद, एक विचारू? ती अर्धी चिमूट खरंच जास्त हुती? का तुम्ही नुसती माझी परीक्षा बघत हुतासा?"

उस्तादांनी काळा चष्मा उचलला, फुंकर मारून काचा पुसल्या आणि घातला.

"मला काय विचारतोस? माझा अजून एक डोळा राहिलाय."